भेटीचं कारण

बुर्सा शहराच्या कडेला, टायरवाल्याच्या मागं
वडलांचं वर्कशॉप. तीन यंत्रं, एक शेगडी, चहाचे सहा पेले.
आम्ही एकच वस्तू बनवतो:
करंगळीच्या नखाएवढी स्प्रिंग,
गाडीच्या दाराचं हँडल ओढून सोडलं
की त्याला जागेवर आणणारी.
कंपनीच्या कागदांत तिला नाव नाही. अकरा आकडे आहेत.

पैसे नव्वद दिवसांनी.
तारवाला मात्र दर शुक्रवारी येतो,
चहा पितो आणि बसून राहतो.

जानेवारीत बर्फानं रस्ता बंद झाला.
रात्री दोनला फोन: लाइन थांबलीय, नेवझात उस्ता.
एरवी ते नुसते 'पुरवठादार'.
कोटाच्या खिशांत, टोपीत, माझ्या जुन्या दप्तरात
स्प्रिंगा भरून ते चालत निघाले.
फाटकावर पहारेकऱ्यानं फॉर्म पुढं केला.
भेटीचं कारण?
वडलांनी लिहिलं: दार.

मार्चमध्ये पत्र आलं. दर दोन टक्के उतरवा.
मी वहीत तेच ते आकडे
पुन्हा खोडत होते.
वडील बाहेर, उभ्या टॅक्सीचं हँडल
ओढत होते, सोडत होते,
कान लावून.

टॅक्सीवाला म्हणाला,
बसायचंय का?