उरलेले चार

ओउलूत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
मार्युतने पाकीट फोडलं:
गोठवलेल्या चार भ्रूणांचं वर्षाचं भाडं,
आणि तोच कागद, तीन चौकटींचा.

"संशोधनाला देऊ," वेइक्को म्हणाला, बटाटे सोलता सोलता,
"आपल्या वेळी डॉक्टर शिकले ते
कुणाच्यातरीवरच की."

ती गप्प.
परक्या घरी वाढायला द्यायला मन धजत नाही,
टाकायलाही नाही.
काचेखाली निदान
कुणीतरी नीट निरखून बघेल.

आतून इल्ताची हाक: दात हलतोय!
पाचवी ती. त्याच ताटलीतली.

मार्युतने खूण केली.
मग फोन लावला:
नेाल त्या दिवशी कळवाल?

असं कुणी विचारत नाही, पलीकडची म्हणाली,
आणि फोन ठेवायचा राहिली.