टाच

कुरियरने नाही, स्कूटीवर, टॉवेलात गुंडाळून आणलं तिने
इंदोऱ्याहून गोळीबार चौकापर्यंत, मे महिन्याच्या दुपारी,
तोंडाला दुपट्टा बांधून. बाहुलीच्याही.

टेबलावर ठेवलं. अडीच किलो.
मान धरूनच ठेवावं लागतं, नाहीतर लटकते;
हे खेळणं आहे हे ज्यांना ठाऊक असतं
त्यांचाही हात आपोआप मानेखाली जातो.
उलटंसुलटं करून पाहिलं मी:
काखेत धूळ, बेंबीशी पावडरचे गोळे,
गालावर काजळाची तीट. ती आता निघायची नाही,
सिलिकॉन रंग पितं, आणि प्यालेलं परत देत नाही.
हे सगळं नेहमीचं.
पण तळवे.
दोन्ही तळव्यांना नखाच्या आकाराच्या चिरा, एकीवर एक,
टाचेशी तर आरपार,
आणि वरून कुणीतरी ओतलेलं फेविक्विक,
वाळून काचेसारखं कडक.

"उंदीर?"
"नाई ओ ताई. आजी."

मग पाणी पिऊन सांगितलं उत्पलाने:
शेवंताबाई गजभिये, डागा दवाखान्यात छत्तीस वर्षं,
बाळंतपणाच्या खोलीत. आता नाव विचारलं
तर पलंगाचा नंबर सांगते.
डॉक्टर म्हणाले, हातात काहीतरी द्या. दिलं.
"अन् ते रडूनच नाई राहिलं ना!
रात्रभर टिचक्या मारते तळव्याला.
म्हणते, निळं पडून राहिलं, दिवा आणा."

मी काही बोलले नाही.
सुरीने फेविक्विक खरवडलं.
सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं, दुसरं काही नाही.
स्पिरिटने पुसायचं, आपल्या बोटाचं तेलसुद्धा मागे राहता कामा नये,
कडा तासायच्या, भरायचं, वाट पाहायची.
हवेतल्या ओलीवर जमतं ते,
आणि इथल्या मेमध्ये हवेत ओल कुठली?
म्हणून कूलरच्या वाळ्यासमोर पाय करून निजवते मी त्यांना.
खोलीभर व्हिनेगरचा वास. शेजारी विचारतात, लोणचं घातलं का.

बाबा मागावर होते. तुटलेला धागा असा जोडायचे
की नंतर त्यांनाच सापडायचा नाही.
त्यांच्या शेवटच्या पातळाचा तुकडा आहे माझ्याकडे,
त्यातला बोटभर कापून टाचेच्या आत पुरला,
पुन्हा फाटू नये म्हणून.
वरून रंग, स्पंजच्या कोपऱ्याने:
टाच लालसर, घोट्याशी एक निळी शीर, केसाएवढी.

इथवर ठीक होतं.
मग मला शहाणपण सुचलं.
बर्डीवरून रबरी बदक आणलं दहा रुपयांचं,
पोट फाडून शिट्टी काढली,
डाव्या टाचेत बसवली.
दाबलं तर: ट्यँ.
अगदी बाळासारखं नाही. थोडं मांजराकडे झुकलेलं.
त्याचे पैसे लावले नाहीत.

आठ दिवसांनी फोन.
"रडलं ओ ताई, पहिल्याच टिचकीत!
आजीनं पुसलं, गुंडाळलं,
घड्याळात पाहून वेळ सांगितली,
अन् माझ्या आईच्या हातात देऊन टाकलं:
मुलगी आहे. तुमची आहे. न्या."
मी हसले.
ती हसत नव्हती.
"आता हातच नाई लावत त्याले.
कोपरापर्यंत हात धुते, वर धरून बसते
दाराकडे पाहत.
म्हणते, पुढची कोण?
तिसरा दिवस आहे. झोपली नाई."

आज पुन्हा तीच स्कूटी, तोच टॉवेल.
बाहुलीची मान माझ्या हातात.
तळवे छान धरलेत. जोड कुठे आहे
ते मलाच शोधावं लागलं, भिंगाखाली.
"काढूनच टाका," उत्पला म्हणाली,
"न रडणारंच बरं होतं."

सुरी पुसली. टाचेला टेकवली.
तेवढ्या दाबानेही ते रडलं.

उत्पला माझ्याकडे पाहत नव्हती.
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.