घंटेचा दोर

फूट पडली तेव्हा वाटणीत
घंटा त्यांच्याकडे गेली, दोर आमच्याकडे.
भांडण पाण्याचं होतं,
बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून,
आणि थोडं पेटीच्या चावीचंही.
आष्ट्यात अकरा वर्षं
रविवार मुका उगवला.
परसात त्या दोरावर
आमचं धुणं वाळायचं.

मग आई मिरजेला,
मिशनच्या दवाखान्यात, कॉट एकोणीस.
सुवार्ताबाई आवळे, त्या बाजूच्या,
पहिल्या एसटीनं आल्या. डब्यात आंबील.
प्रार्थना करू का, असं विचारलं नाही.
घमेल्यात कोमट पाणी घेऊन
आईचे सुजलेले पाय धुतले,
बेचक्याबेचक्यांतून, सावकाश,
आणि पदरानं पुसले.
आई भिंतीकडे बघत राहिली.
"नखं वाढलीत, वहिनी," त्या म्हणाल्या,
"उद्या नेलकटर आणते."

दादा त्याच संध्याकाळी घरी आले.
ओलं धुणं माझ्या खांद्यावर टाकलं,
दोर सोडला, वेटोळं काखेत मारलं
आणि गेले, चपला न घालताच,
त्यांच्या देवळाकडे.

घंटा आधी नुसती करकरली.
पारवे उडाले.
मग ती वाजली, इतकी, की
पेठेतला जो तो दारात येऊन विचारू लागला:
कोण गेलं?