नाझिब्रोलाच्या चिठ्ठ्या

विचारतोयस म्हणून सांगतो.
कुणी कुठल्या सिनेमाला घाबरायचं
हे आमच्या कुताइसीत नाझिब्रोला ठरवायची.
तळमजल्याची खिडकी, आत दोन फळ्या,
फळ्यांवर बिननावाच्या कॅसेटी
आणि प्रत्येकीला रबरानं अडकवलेली चिठ्ठी:

‘बाहुलीचा. जेवून मग बघा.’
‘विहिरीचा. सुरुवात रटाळ, सोसा.’
‘हा नवऱ्याबरोबर नको. तो हसतो आणि सगळं वाया जातं.’
एकीवर नुसतं ‘नको’.
ती कधीच जागेवर नसायची.

नावं आम्हाला ठाऊक नव्हती, नटही नाही.
कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून
सगळ्यांचे संवाद एकटाच रशियनमध्ये म्हणायचा,
सर्दी झाल्यासारख्या आवाजात.
खुनी तोच, किंचाळणारी बाईही तोच,
आणि दोघंही दुधाचा भाव सांगावा तशी बोलत.
तरी आमची पाचावर धारण बसायची.

वीज दोन तास. कधी दीड.
कधी कॅसेट मशीनच्या पोटात असतानाच जायची,
मग तीन तीन दिवस तिथंच,
आणि नाझिब्रोला भाडं मात्र पूर्ण घ्यायची.
‘वीज मी नेली का?’ म्हणायची.

त्सियालाबाई दर गुरुवारी यायच्या.
हातात मक्याच्या भाकरीचं पुडकं, भाड्याऐवजी.
‘याहून भीतीचा दे.’
बाहुलीचा परत केला: झोप लागली म्हणे.
विहिरीचा: त्या बाईनं पदार्थ जाळला, तेवढंच लक्षात राहिलं.
‘नको’सुद्धा परत केला, काही न बोलता, रिवाइंड करून.
त्यांचा मुर्माण शरदात निळ्या बसमधून समुद्राकडे गेला होता,
लढाईवर.
बस परत आली होती. रंग तोच, माणसं दुसरी.

मग नाझिब्रोलानं दीपगृहाचा काढला.
चिठ्ठी: ‘एकट्यानं नको.’
म्हणून आम्ही नऊजण त्सियालाबाईंच्या खोलीत,
मी सर्वांत धाकटा, ओतियाकाकाच्या कोटात अर्धा.

दीपगृहात एक मुलगी, वादळ, आणि दारावर ठोका.
कोण आहे ते दाखवत नाहीत.
मुलगी उठते. पुन्हा ठोका.
तिचा हात कडीवर येतो आणि
वीज गेली.

पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला,
तोही विझला.

अंधारात जो तो शेवट सांगू लागला.
लांडगा असणार. बुडालेला खलाशी असणार.
ओतियाकाका म्हणाले, वीज मंडळाचा माणूस, बिल घेऊन आलाय,
तेव्हा हसलो, पण जरा जास्तच मोठ्यानं.
‘उघडू नकोस गं,’ माझी बहीण म्हणाली, बंद टीव्हीला.

त्सियालाबाईंचा आवाज आला,
‘कुणी का असेना.
बाहेर केवढा गारठा आहे.
उघड, पोरी.’

मग कुणीच काही बोललं नाही.
खाली रिओनी नदी वाहत होती, एवढंच ऐकू येत होतं.

पहाटे तीनला वीज आली.
अख्खी इमारत खडबडून उठली,
कुणी कपडे भिजवले, कुणी कणीक मळली,
जिन्यात बादल्यांचा खणखणाट.
शेवट बघायला सवड कुणाला?
फक्त त्सियालाबाईंच्या खिडकीत तो निळा उजेड,
लांबतो, आखडतो.

सोमवारी कॅसेट मी नेऊन दिली.
वाटेत चिठ्ठी उलटली.
मागे पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरात:
‘ठोका चुकलाय. तीनदा हवा.’

नाझिब्रोलानं वाचलं, रबर पुन्हा चढवलं,
आणि कॅसेट फळीवर नाही,
पिठाच्या डब्यामागे ठेवली.

एवढ्या वर्षांत कुठल्या तरी दुकानात
मला तो सिनेमा सापडला असता. शोधला नाही.
तुला सापडला तर बघ, खरंच चांगला आहे.
फक्त दोन-चार माणसं गोळा कर,
आणि तिचा हात कडीवर आला
की उठून प्लग काढ.

शेवट मला सांगू नकोस.