निरंक

बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली.
भवानी पेठेच्या केंद्रात ते वर्दीची वही लिहीत:
वेळ, पत्ता, कोणी कळवलं, गाडी कधी निघाली.
परवा डबा घेऊन गणेशखिंडीत आले,
स्क्रीनवरचे ठिपके बघत म्हणाले,
"तारे फुटतात ते किती वेळा?"
म्हटलं, कुठली दीर्घिका त्यावर आहे.
"म्हणजे पेठेवर," आणि खुर्ची ओढली.

मग सर्पिल दाखवल्या,
निळ्या हातांच्या, जिथे अजून पाळणे हलतात.
तिथले दांडगे तारे कोटभर वर्षांतच
सगळं सरपण संपवून कोसळतात.
शंभर वर्षांत एखाद-दुसरी वर्दी.
"टिंबर मार्केट," बाबा म्हणाले.

आणि या लंबवर्तुळाकार, पिवळट,
जन्माची नोंद थांबून युगं लोटलेल्या.
"इथे काय पेटणार! सगळी पेन्शनर मंडळी."
इथेही पेटतं, बाबा. कमी, पण पेटतं.
एखादा विझलेला श्वेत बटू
जोडीदाराकडून चिमूट चिमूट घेत राहतो,
अब्जावधी वर्षं,
आणि एका रात्री अख्खी दीर्घिका त्याच्यापुढे फिकी.

ते गप्प झाले.
मग प्रभात रोडच्या एका बंगल्याचा नंबर सांगितला,
साल सांगितलं.
पुढे काही नाही.

"आणि काहीच न झालेल्या रात्री? त्या कुठे लिहितेस?"
शून्य घालते. त्यांच्याशिवाय दर निघत नाही,
छेदात त्याच तर बसतात:
किती दीर्घिका, किती रात्री पाहिल्या.
"आम्ही निरंक लिहायचो.
एकदा पहाटे निरंक लिहून सही ठोकली,
आणि नाना पेठेत एक गोदाम
कोळसा होऊन पडलेलं.
केंद्राचा फोन रात्रभर मेलेला होता.
तेव्हापासून दर तासाला रिसीव्हर उचलायचो.
टोन ऐकू आला तरच निरंक.
नाहीतर जागा कोरी."

ते बसस्टॉपकडे गेल्यावर
जुलै-ऑगस्टची फाइल उघडली.
एकेचाळीस ढगाळ रात्री,
प्रत्येकीपुढे माझं टापटीप शून्य.
एकेक पुसत गेले. उसळ गार झाली.
दर जरासा वाढला,
लंबवर्तुळाकारांचासुद्धा.

खिडकीतून चतुःशृंगीचे दिवे तेवढे दिसत होते,
त्यांच्या वर काहीच नाही.
आजची तारीख टाकली.
पुढे काही लिहिलं नाही.