दुपोत

इथे पुरुष म्हणजे पान, बाई म्हणजे पानी.
माझ्या खाली सहाव्या मजल्यावर
पानी झ्लामालोवा, सत्तेचाळीस वर्षं.
मी सातव्यावर, मागच्या ऑक्टोबरपासून,
आणि माझ्यावर फक्त गच्ची, कबुतरं
आणि ब्रनोचं राखाडी आभाळ.

पहिली चिठ्ठी आली चौकटींच्या कागदावर,
एकेक अक्षर आपापल्या चौकटीत,
हाताची घडी, तोंडावर बोट.
फोन धरून शब्द उलगडत गेले.
एक मात्र उलगडावा लागला नाही:
दुपोत.
धपधप, दणदण, दुपोत.
टाचेला कुठलीच भाषा परकी नसते.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता,
हे करारातही होतं म्हणे.
चौदा पानांखाली सही करताना
मी फक्त भाड्याचा आकडा वाचला होता.

मग खुर्चीच्या पायांना टेनिसचे चेंडू.
दारांच्या कडांना लोकरीच्या पट्ट्या.
आलं ठेचायचं ते मांडीवर, टॉवेलात गुंडाळून,
जशी कुणाची समजूत घालतेय.
कपड्यांचं मशीन शनिवारी दुपारीच,
आणि ते गरगरायला लागलं की
मी त्याला दोन्ही हातांनी धरून उभी.
भिंतींना कान असतात, ऐकून होते.
जमिनीलाही असतात,
हे भाड्यात धरलेलं नव्हतं.

चिठ्ठ्या येतच राहिल्या.
घरमालक पान क्रेइची फोनवर म्हणाला,
"तुमच्या आधीच्यांनाही यायच्या. जमवून घ्या."
आईशी बोलायचं ते न्हाणीघरात, दार लावून.
ती विचारायची, "सर्दी झालीय का गं?
आवाज खोल गेलाय तुझा."

मार्चमध्ये कंपनीनं सोळा दिवस टाम्पेरेला धाडलं.
परतले तर पत्रपेटीत तीन कागद.
एकवीस तारीख, रात्री सव्वादोन. दुपोत.
खिडकीपासून दारापर्यंत, आणि परत.
चोवीस. पुन्हा तेच.
सव्वीस. आज हळू चाललात. आभारी आहे.

वाचले. परत वाचले.
आणि मग असा काही संताप चढला
की विमानाची तिकिटं, हॉटेलचं बिल,
सगळा पुरावा घेऊन जिना उतरले.
एक वाक्य पाठ करत होते, पायरीला एक शब्द:
मी इथे नव्हते. मी इथे नव्हते.

दार उघडलं. केसांत रोलर, हातात झाडू.
त्यांच्या खांद्यावरून मला छत दिसलं.
छतभर दांड्याचे वण, अर्धचंद्रासारखे,
काही ताजे,
बरेचसे रंगाखाली बुजलेले,
आणि रंग तर पिवळा पडलेला,
माझ्या कराराहून कितीतरी जुना.

त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.
वर बघत, हळूच विचारलं,
"रात्री चालता, त्या तुम्हीच ना?"

तिकिटं खिशात होती. बिलही.
पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार.

"या," मी म्हणाले.
त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मी.
माझ्या भाषेत ते बोलावणं.
दार त्यांचं होतं, तरी आत या म्हटलं मीच,
आणि त्या बाजूला सरल्या.

कॉफी कडू होती, तळाशी अर्धा कप गाळ.
फारसं बोललो नाही. काय बोलणार?
निघताना त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं,
मापं घेतल्यासारखं.

त्या रात्री सव्वादोनला जाग आली.
घर चिडीचूप. चेंडूंवर खुर्च्या.
कान देऊन पडून राहिले बराच वेळ.
कुणीच चाललं नाही.

मग उठले. अनवाणी.
खिडकीपासून दारापर्यंत,
आणि परत,
टाचा टेकवत.

खालून झाडूचा दांडा दोनदा वाजला.
नंतर झोप लागली.
आधी कुणाला, ते सांगता येणार नाही.