त्रेचाळीस फूट

मंगळवारी आयर्विनखाली त्रेचाळीस होतं.
माझ्या पोटात गोळा.
गाद्या माळ्यावर, रेशनकार्ड ब्लाउजमध्ये,
पोरीला उगाच एक धपाटा.

शनिवारी पुन्हा त्रेचाळीस.
तीच पट्टी, तोच गढूळ आकडा,
आणि मी शाळेच्या वर्गात, सतरंजीवर,
मुल्लाभाभींना टाळी देऊन हसले.
उतरतंय म्हणे.

एवढाच फरक, एक शब्द,
तोही कुणीतरी सांगितलेला.

सुगलाबाई हसली नाही.
तिची म्हैस बुधवारी, दावं सोडेपर्यंत, गेली.
पाणी चढो की उतरो,
कोयनेतून किती सोडलं
ती विचारतसुद्धा नाही.

रात्री पोरीनं विचारलं,
आई, तू मला का मारलंस?

मी आकडा सांगितला.
तिला पटला नाही.